दहावीची तयारी : वाचन, आठवण आणि घराचा आधार



शालान्त परीक्षा हा मराठी कुटुंबाच्या जीवनातील एक मोठा टप्पा मानला जातो. जुन्या पिढीने तो ‘जुनी अकरावी’च्या रूपाने पाहिला. १९७५ सालापासून तो दहावीच्या अखेरीस येऊ लागला. पुढील शाखा, महाविद्यालय आणि पुष्कळदा घराची आर्थिक घडी या निकालाशी जोडली गेल्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनावर त्याचे ओझे पडते. हे ओझे उपदेशाने हलके होत नाही. अभ्यासाची योग्य रीत हाती आली, तरच ते कमी होते.

अनेक मुले कष्टाळू असतात. धडा चार-चार वेळा वाचतात, ओळींखाली रंगीत रेघा ओढतात, पहाटे उठतात. आणि तरीही उत्तरपत्रिकेसमोर बसल्यावर त्यांना काही आठवत नाही. मग घरात ‘लक्ष नाही’ असा शेरा मिळतो आणि मूल स्वतःला मंदबुद्धी समजू लागते. वास्तविक उणीव बुद्धीची नसून रीतीची असते. पुनःपुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटतो. परंतु ओळखीचा वाटणे आणि पुस्तक मिटल्यावर आठवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. परीक्षेत दुसरीचीच कसोटी लागते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा उतारा एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचलेला उतारा पुढे होता : ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले. दोनदा वाचलेल्यातील ४२ टक्के भाग स्मरणात उरला, तर आठवून लिहिलेल्यातील ५६ टक्के. रात्री वाचून ‘सगळे येते’ असे म्हणणारे मूल खोटे बोलत नसते. त्या रात्री त्याला खरोखरच येत असते. परीक्षा मात्र आठवड्यांनी, महिन्यांनी येते.

म्हणून धडा वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर मुद्दे लिहावेत. नंतर पुस्तक उघडून जे निसटले तेवढेच पुन्हा पाहावे. हाच धडा दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने असाच आठवावा. विस्मरणाचा वेग आरंभी अधिक असतो आणि अंतराने केलेली उजळणी एकाच बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते, हे जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवून दिले होते.

दुसरी गोष्ट प्रश्नपत्रिकेच्या स्वरूपाची. गणिताचे बीजगणित व भूमिती असे प्रत्येकी ४० गुणांचे दोन भाग असतात आणि प्रत्येकास दोन तास मिळतात. विज्ञानाचीही विभागणी अशीच आहे. येणारे उदाहरणही वेळेअभावी राहून जाऊ शकते. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, एका बैठकीत सोडवण्याचा सराव म्हणूनच आवश्यक आहे. २०२३ पासून वाढीव दहा मिनिटे पेपर संपण्याच्या वेळी मिळू लागली. त्यांचा उपयोग उत्तरे तपासण्यासाठी व्हावा. सोडवलेल्या पेपरातील चुका एका स्वतंत्र वहीत नोंदवाव्यात : सूत्र चुकले, प्रश्न नीट वाचला नाही, की आकृतीला नावे द्यायची राहिली? महिनाभरात त्याच त्या तीन-चार चुका वारंवार दिसू लागतात आणि शेवटच्या आठवड्यात कोठे लक्ष द्यावे हे ती वहीच सांगते.

वर्षभराच्या साध्या कामाचे मोल २०२१ साली सर्वांच्या प्रत्ययास आले. महामारीमुळे त्या वर्षी दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली. प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ५० गुण नववीच्या अंतिम निकालावरून, ३० गुण दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनावरून आणि २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक वा अंतर्गत मूल्यमापनावरून देण्यात आले. ज्यांनी सारा भरवसा अखेरच्या दोन महिन्यांवर ठेवला होता, त्यांना ती संधीच मिळाली नाही.

घराचे कर्तव्य याहून सोपे नाही. आई-वडिलांना भूमिती येत नसेल, तरी मुलाने मिटलेल्या पुस्तकातील धडा समजावून सांगितला तर तो ऐकणे त्यांना शक्य आहे. जेथे मूल अडखळते, तेथेच त्याचा अभ्यास कच्चा आहे हे दोघांनाही कळते. ठरल्या वेळी दूरदर्शन संच बंद ठेवणे, झोपेचे तास न कापणे आणि शेजारच्या मुलाचे गुण जेवणाच्या पानावर न काढणे, एवढे तरी घराने करावे. एका खोलीच्या घरात मात्र शांत कोपरा कोठून मिळणार? तेथे समाजाने पुढे यावे. सायंकाळी उघडी असणारी अभ्यासिका, जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच आणि आठवड्यातून दोन दिवस शंका सोडवणारा एखादा निवृत्त शिक्षक एवढी व्यवस्था फार खर्चाची नाही. मात्र ती जूनमध्ये सुरू झाली पाहिजे, जानेवारीत नव्हे.

अखेरचा मुद्दा अपयशाचा. २०१५ पासून अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा होऊ लागली आणि त्यांचे वर्ष वाचण्याचा मार्ग खुला झाला. परीक्षाकाळात मंडळ समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांकही प्रसिद्ध करते. ही माहिती निकालाच्या दिवशी शोधण्याऐवजी प्रत्येक घरात परीक्षेपूर्वीच सांगितली जावी. निकालाच्या दिवशी काहीही लागले तरी घराचे दार आपल्यासाठी उघडे आहे, हे ज्या मुलाला आधीपासून ठाऊक असते, ते परीक्षागृहात निश्चिंत मनाने लेखणी उचलते.