म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका
(गेवराई येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठक कापसाच्या भावाची आणि मध्येच म्हाताऱ्यांच्या विसरभोळेपणाचा विषय कशाला, असं मागं काही जण पुटपुटत होते. आमचं उत्तर हिशेबाचंच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला या तालुक्यातून किती कोयते कारखान्याला जातात, हे इथं कुणाला सांगायला नको. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. घरची म्हातारी चूल पेटती ठेवून उठून जायला लागली, आपल्याच गल्लीत घर चुकायला लागली, की सून मागं राहते. मग उरतो अर्धा कोयता आणि मुकादम उचलही तशीच हात राखून देतो. हा तोटा कोणत्या सरकारी उत्पादनखर्चात धरलाय? आणि सूनही गेली, तर सहा महिने गावात म्हातारी आणि नातवंडं. त्यांत कुणी कुणाला सांभाळायचं?

आपल्याकडं यावर एक म्हण तयार आहे, साठी बुद्धी नाठी. म्हण झाली की विचार संपला. वय झालं, म्हातारचळ लागला, एवढं बोलून आपण मोकळे होतो. पण वय झालेल्या सगळ्यांचं असं होत नाही. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वेगळं. चाळीस वर्षं तिफण धरणाऱ्याला पेरणीची पाळी लावता येईना, जन्मभर भाकरी थापलेल्या बाईला पिठात पाणी किती घालायचं ते कळेना, लेकाला भाऊ समजून बोलायला लागावं, हे वेगळं. हा मेंदूचा आजार आहे, डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या अभ्यासाचा अंदाज असा आहे की साठीच्या पुढच्या १०० माणसांत सात-साडेसात जणांना हा आजार आहे. शहरात ५.३, खेड्यात ८.४. पुरुषांत ५.८, बायांत ९. ज्या गावात साठीपुढची २०० माणसं आहेत, तिथं सरासरीनं सोळा-सतरा धरा. आपल्या गावातली नावं मनातल्या मनात मोजून पाहा.

आता तपासणी. सरकारी यंत्रणेत ती अजिबातच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आशाताई घरोघर जो फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्या माणसांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? प्रश्न चांगला आहे. पण तो विचारायचा कुणाला? ज्याला आठवत नाही, तोच सांगणार का की मला आठवत नाही? तो म्हणणार, मला काय धाड भरलीय! उत्तर सुनेला माहीत असतं, लेकीला माहीत असतं. दोन वर्षांपूर्वी काय जमत होतं आणि आज काय जमत नाही, हे घरच्याच माणसाला सांगता येतं. आणि पाहणी भर गळिताच्या दिवसांत झाली, तर नेमकं तेच माणूस फडात असतं.

दुसरी अडचण शाळेची. दवाखान्यातल्या जुन्या चाचण्या शिकलेल्यांसाठी केलेल्या. शंभरातून सात वजा करत जा, हे वाचून तसं करा, एक वाक्य लिहा. पाटीला हात न लावलेली शहाणी बाई त्यात नापास होणारच. हरियाणातल्या बल्लभगडला खेड्यातल्या अशिक्षित म्हाताऱ्यांसाठी या चाचणीचं हिंदी रूप तयार केलं, ते १९९५ साली प्रसिद्ध झालं. त्यात आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगतात. वाचायला देण्याऐवजी तपासणारा स्वतः डोळे मिटतो आणि म्हणतो, मी करतो तसं करा. लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगा. आमच्याकडं तारीख विचारण्यापेक्षा बाजाराचा वार, चालू असलेला मराठी महिना, मागला सण विचारा. ऐकू येतं का, हेही आधी बघा. निम्म्या वेळा भांडण तिथंच असतं.

नाव यादीत आलं म्हणजे आजार ठरला असं नाही. शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, थायरॉईड मंदावलं, मन खचलं, चुकीच्या गोळ्या चालू राहिल्या किंवा डोक्याला मार लागून आत रक्त साकळलं, तरी माणूस असाच वागतो. यातलं बरंचसं वेळेवर सापडलं तर सुधारतं. म्हणून चार महिन्यांत एकदम बदल झाला असेल तर थांबू नका. खऱ्या स्मृतिभ्रंशाला मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही, हे स्पष्ट सांगतो. कुणी जडीबुटीवाला किंवा इंजेक्शनवाला शेरडू विकायला लावील, त्याला दारात उभं करू नका.

मग नुसती यादी करून काय करायचं? हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळानंही २०२० साली म्हटलं की सरसकट सगळ्या म्हाताऱ्यांची अशी तपासणी करावी, याला पुरेसा पुरावा नाही. आमचंही मत तेच. घरच्यांना ज्याच्यात बदल दिसतो, त्याला आधी पाहा, आणि पाहिल्यावर पुढचं दार उघडं ठेवा. गोव्यात तिसवाडी आणि बारदेश तालुक्यांत ८१ कुटुंबांवर एक प्रयोग झाला, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना आठवडाभर शिकवलं. ते सहा महिने, पंधरा दिवसांतून निदान एकदा, घरी जात. आजार काय आहे, चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं, कोणत्या योजनेचा अर्ज कुठं करायचा, एवढंच सांगत. म्हाताऱ्यांचा आजार गेला नाही, पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. मायबहिणींनो, सांभाळणारं म्हणजे कोण, ते तुम्हीच जाणता.

जमिनीचंही बोललं पाहिजे. विसरणाऱ्या माणसाचा अंगठा फार स्वस्त मिळतो, सावकाराला मिळतो आणि भावकीलाही. सांभाळण्याच्या अटीवर जमीन लिहून घेतली आणि मग सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडं अर्ज करून ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. पण अट कागदावर लिहिलेली असू द्या.

अंबाजोगाईचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय इथून शंभरावर किलोमीटर. भ्रमिष्ट माणसाला एसटीत बसवून तिथवर न्यायचं म्हणजे दोन माणसांचा रोज बुडतो. म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे. टोळ्या निघण्याआधी, भाद्रपदातच, आशाताईंनी ही पाहणी घरच्या माणसाला समोर बसवून करावी. ज्यांची नावं निघतील त्यांच्यासाठी मानसोपचार डॉक्टरांनी महिन्यातून एक ठरलेला दिवस गेवराईच्या सरकारी दवाखान्यात बसावं. रक्ताची तपासणी तिथंच व्हावी. ठरावाच्या दोन प्रती करा, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडं देऊन पोच घ्या आणि दुसरी पुढच्या बैठकीला आणा.