दार उघडायचे की बंद करायचे, हे कोण ठरवणार?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



दारूचा प्रश्न आपल्यातल्या बहुतेकींच्या कामात रोजचा आहे. नवऱ्याने पगार गुत्त्यात उडवला, रात्री मारले, म्हणून बाई केंद्रावर येते. त्यामुळे ‘बायकांना पबमध्ये जायचा हक्क’ असा विषय निघाला की आपल्या बैठकीत दोन तट पडतात. एक म्हणते, हे चार पैसेवाल्या मुलींचे चोचले आहेत. दुसरी म्हणते, मग संस्कृतिरक्षकांत आणि आपल्यात फरक काय? या वादाकडे मी आज जरा लांबच्या उदाहरणावरून बघणार आहे.

पब हा ‘पब्लिक हाऊस’ या शब्दांचा संक्षेप. म्हणजे सार्वजनिक घर. इंग्लंड-आयर्लंडच्या मोहल्ल्यांत दारू तर तिथे मिळेच. पण कामाची खबर, युनियनची बोलणी, निवडणुकीचे डावपेच हेही तिथेच चालत. आपल्याकडच्या गावच्या पारासारखे. आणि पारासारखीच तिथेही बाई उपरी. आयर्लंडच्या जुन्या पबांत एका कोपऱ्यात ‘स्नग’ नावाची बंदिस्त छोटी खोली असे. बाईला प्यायचे असेल तर तिथे, कोणाच्या नजरेस न पडता. घर सार्वजनिक, पण त्या सर्वजनांत बाई धरलेली नव्हती.

आयरिश कामगार अमेरिकेत गेले, तसे त्यांचे पबही गेले. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज या स्थलांतरितांच्या वस्तीत, पूर्वेकडच्या सातव्या रस्त्यावर ‘मॅकसॉर्लीज’ हा आयरिश पब आजही चालू आहे. १८५४ पासून चालत असल्याचे तिथे अभिमानाने सांगतात. जमिनीवर लाकडाचा भुसा, आणि प्यायला दोनच प्रकारची बियर, फिकी नाहीतर गडद. पण १९७० पर्यंत या पबमध्ये बाईला प्रवेश नव्हता. गंमत अशी, की १९३९ पासून त्याची मालकीण बाईच होती. डोरोथी ओ’कॉनेल किरवान यांना तो वडिलांकडून मिळाला. धंद्याच्या वेळेत आत पाय ठेवणार नाही, असे वचन त्यांनी वडिलांना दिले होते आणि ते पाळले. सातबारा बाईच्या नावावर आणि ओसरी पुरुषांची, हे आपल्याला काही नवीन नाही.

१९६९ मध्ये ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन’च्या फेथ सायडनबर्ग आणि कॅरन डीक्रो तिथे गेल्या. त्यांना बियर नाकारली. त्या कोर्टात गेल्या. युक्तिवाद साधा होता : या पबला परवाना सरकार देते, मग सरकारी परवान्यावर चालणारी जागा निम्म्या नागरिकांना दार कसे बंद करते? १९७० मध्ये कोर्टाने तो मान्य केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क शहराचा कायदाही झाला. पहिल्याच दिवशी आत गेलेल्या लूसी कोमिसार यांच्या अंगावर एका गिऱ्हाइकाने बियर ओतली. बायकांसाठी वेगळे स्वच्छतागृह व्हायला १९८६ साल उजाडले. कायद्याने दार उघडते, जागा मात्र नंतर भांडून मिळवावी लागते.

दारापाठोपाठ येतो रोजगार. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा एक कायदा होता : मोठ्या शहरांत बाईने काउंटरमागे उभे राहून दारू द्यायची नाही, अपवाद फक्त पुरुष मालकाच्या बायकोचा किंवा मुलीचा. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. कारण दिले बायकांच्या संरक्षणाचे. त्याच बारमध्ये टेबलाशी दारू नेऊन द्यायला मात्र बाई चालत होती! आपल्याकडे १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यात, ब्रिटिश काळापासून, दारू पिण्याच्या जागी बायकांना नोकरीस मनाई होती. दिल्लीत ती थेट या शतकापर्यंत लागू होती. २००७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. बाईला घरी बसवण्यापेक्षा तिला सुरक्षितपणे काम करता येईल अशी व्यवस्था करा, असा त्या निकालाचा रोख होता. महाराष्ट्रात २००५ मध्ये डान्सबार बंद झाले, तेव्हाही बायकांची प्रतिष्ठा हेच कारण पुढे केले होते. रोजी गेली ती बायकांचीच.

तर मग दारूबंदीची आपली लढाई चुकीची का? मुळीच नाही. अमेरिकेतही १८७३-७४ च्या हिवाळ्यात ओहायोतल्या बायका दारूच्या गुत्त्यांपुढे गुडघे टेकून प्रार्थना करत होत्या. त्यातून १८७४ मध्ये बायकांची मद्यपानविरोधी संघटना उभी राहिली आणि पुढे तिने मताधिकाराची मागणी उचलून धरली. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा या संघटनेने प्रभावित झाल्या. आपल्या १८८९ च्या प्रवासवर्णनात त्यांनी तिच्याविषयी लिहिले आहे. नवऱ्याच्या कमाईवर आणि स्वतःच्या देहावर ज्यांना कायद्याने फारसा हक्क नव्हता, त्या बायकांनी गुत्त्याच्या दारात येऊन बोलायची हिंमत केली. आपली ‘आडवी बाटली’ त्याच जातकुळीतली.

म्हणजे एकीकडे गुत्ता बंद करायला निघालेल्या बायका, दुसरीकडे पबचे दार उघडायला निघालेल्या. मला या दोघी परस्परविरोधी वाटत नाहीत. दोघींनीही निर्णय आपल्या हाती मागितला. आडव्या बाटलीच्या मतदानात बाई नागरिक म्हणून शिक्का मारते, तो सर्वांना लागू होतो. पबमधून मुलींना ओढून बाहेर काढून मारणारा जमाव, जसे २००९ मध्ये मंगळूरला घडले, तो दारूबद्दल बोलतच नाही. शेजारच्या टेबलावर पिणारा पुरुष त्याला खुपत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. पुढच्या वेळी दारूविषयी निवेदन लिहाल, मोर्चा काढाल, तेव्हा मागणी तपासून घ्या. ती पिणाऱ्याच्या हिंसेविरुद्ध, धंद्याच्या नफ्याविरुद्ध आहे, की नकळत बाईच्या वावराविरुद्ध जाते आहे? ‘आयाबहिणींची अब्रू’ हे शब्द घोषणेत आले, तर ते खोडा. त्या जागी ‘आमचा पैसा, आमचा देह, आमचा रस्ता’ असे लिहा. आणि वस्तीतली जी बाई बारमध्ये वाढपी म्हणून काम करून घर चालवते, तिला त्या बैठकीला आधी बोलवा. तिला वगळून तिच्याविषयी ठराव करणारे पुष्कळ आहेत. त्यांत आपली भर नको.