मुळीचं नाव सांगा



आजच्या परिषदेत भगत मंडळी पुढच्या रांगेत बसली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. सातपुड्यात आजारी माणूस पहिल्यांदा गाठतो तो त्यांनाच. डोंगरातले पाडे विखुरलेले, पावसाळ्यात नाले भरून वाहतात, नर्मदाकाठच्या गावांना तर दवाखानाच बोटीतून यावा लागतो. अशा ठिकाणी रात्री पोर तापानं फणफणलं, तर आई-बाप दार ठोठावतात ते भगताचं. या माणसांना नावं ठेवून इथली आरोग्यसेवा उभी राहणार नाही. त्यांच्या औषधाचं डोळे झाकून कौतुक केल्यानंही नाही.

मला आज एकच गोष्ट मागायची आहे. उपचारातली लपवाछपवी थांबवा. भगत मुळीचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर गुण जातो असं त्याच्या गुरूनं बजावलेलं असतं. रुग्ण भगताकडे जाऊन आल्याचं डॉक्टरला सांगत नाही, कारण डॉक्टर रागावतात. आणि बाजारातली चूर्णं विकणारे पुडीत काय घातलंय ते सांगत नाहीत, कारण सांधेदुखीच्या कित्येक ‘आयुर्वेदिक’ पुड्यांमध्ये स्टिरॉइड आणि वेदनाशामक गोळ्यांची भुकटी मिसळलेली असते. या तिन्ही मौनांचा हिशेब रुग्णाच्या शरीरात चुकता होतो.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. सिकलसेल. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी या आजारासाठी आयुष्य वेचलं, २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. इथल्या भिल, पावरा, मावची समाजांत हा आजार किती खोल रुजला आहे, हे आता कुणाला नव्यानं सांगायला नको. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, त्यामुळे डोळे पिवळे होतात. आणि पिवळे डोळे दिसले की घरचे म्हणतात, कावीळ झाली.

मग कावीळ उतरवायला नेतात. मी हा विधी जवळून पाहिला आहे. मुलाच्या तळहाताला आंब्याच्या सालीचा रस चोळतात, परातीत चुन्याची निवळी ओततात आणि हात धुवायला लावतात. पाणी हळदीसारखं पिवळं होतं. आईच्या चेहऱ्यावरचा ताण तिथल्या तिथे उतरतो. पण तो रंग चुना आणि साल यांच्यातून आलेला असतो. तुम्ही-आम्ही निरोगी माणसांनी रस चोळून हात धुतले तरी पाणी पिवळंच होईल. हात धुतल्यानं मुलाला इजा होत नाही हे खरं. इजा पुढे होते. कुठे देवडांगरीचे थेंब नाकात टाकतात, नाकातून दिवसभर पाणी गळत राहतं. कुठे पोट साफ करायला जुलाब देतात. ज्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की पेशी जास्त वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात, त्याच मुलाच्या अंगातलं पाणी आपण उपसून काढतो. पुढे फिकटपणा दिसला म्हणून कुणी लोहभस्म सुरू करतं. ज्याला वरचेवर रक्त चढवावं लागतं, त्याच्या शरीरात लोह आधीच साठलेलं असतं.

यातला कुणीही वाईट हेतूनं वागलेला नाही, म्हणून तर मला हे इतकं लागतं. साध्या रक्ततपासणीनं हा आजार कळतो. हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक अॅसिड, भरपूर पाणी आणि ताप आला की लगेच दवाखाना, एवढ्यावर पुष्कळ मुलं शाळेत जातात, शेतात राबतात. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झालं. आपला जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. एकच तारीख आहे. जिल्ह्याच्या दर वाढदिवशी प्रत्येक पाड्यावर तपासणी व्हावी, आणि पिवळ्या डोळ्यांचं मूल आधी भगतानंच तपासणीला पाठवावं, असं मला फार वाटतं.

सर्पदंशाबद्दल मी थोडक्यात आणि स्पष्ट बोलणार आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं साप चावून गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर उतारा एकच, प्रतिसर्पविष. मण्यार चावल्यावर कित्येकदा जागा सुजतही नाही, माणूस झोपेतच जातो. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हा गुन्हा ठरवला आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा मला भगताच्या शब्दाचा भरवसा जास्त आहे. ‘मंत्र मी गाडीत बसून म्हणतो, तू आधी चल’ असं त्यानं म्हटलं की अख्खा पाडा उठून गाडी शोधतो.

विंचवाचीही तीच गोष्ट. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात लाल विंचवाच्या दंशानं पोरं दगावताना पाहिली आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर लागू पडतं, हे दाखवून दिलं. खेड्यातल्या डॉक्टरचं निरीक्षण आणि काटेकोर नोंद, एवढ्या भांडवलावर ते जगापर्यंत पोचलं.

नोंदीचं महत्त्व आमच्या वनस्पतींनाही तितकंच लागू आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली सर्पगंधेचे रक्तदाबावरचे अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापले आणि ही मुळी जगभर गेली. त्याच मुळीतल्या द्रव्यानं काही रुग्णांना नैराश्य येतं, हेही नोंदींमधूनच कळलं. गुण आणि दोष एकाच वहीत लिहिले गेले. गुळवेलीचं तेच. करोनाच्या काळात घरोघरी तिचे काढे झाले, आणि २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती छापली. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली की ती वनस्पती नीट ओळखलेली नाही, सारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. वाद काहीही असो, वेल कोणती होती हे पक्कं सांगायला पुरावा हाताशी नव्हता, हेच माझं दुखणं आहे.

आपल्या डोंगरात सापसंद वाढते, तिला ईश्वरीही म्हणतात. सर्पदंशावर ती देतात. तिच्या कुळातल्या वनस्पतींमध्ये अॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत याच कुळातली चिनी वनस्पती चुकून गेली आणि अनेक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. १९९३ साली ते उघड झालं. असं विष जिभेला कळत नाही, त्याच दिवशी त्रासही होत नाही, म्हणून ‘आमच्या आज्यापासून देतो, कुणाला काही झालं नाही’ या म्हणण्यावर मी इथे विसंबू शकत नाही. बचनाग गोमूत्रात किंवा दुधात शुद्ध करून घेतल्याशिवाय वैद्य वापरत नाहीत. बिब्बा, गुंज, धोतरा, जेपाळ, कळलावी ही सगळी नावं औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत, आणि ती यादी आयुर्वेदाच्याच ग्रंथांतून आलेली आहे. शास्त्रानं जिथे सावधगिरी सांगितली, तिथे ती आम्हा पदवीधर वैद्यांनीही पाळली पाहिजे. आमच्यातले काही जण ती पाळत नाहीत, हे इथे बोललंच पाहिजे.

आता भगत मंडळींची शंका. नाव सांगितलं तर कुणी कंपनी लुटून नेईल. शंका अगदी रास्त आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलंच होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकारानं ते १९९७ साली रद्द झालं, कारण हळदीचा लेखी पुरावा दाखवता आला. पावरी आणि भिलोरीत तोंडी चालत आलेल्या ज्ञानाचा असा पुरावा कुठे आहे? २००२च्या जैवविविधता कायद्यानं गावाला लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. ती वही गावाची, ती कुणाला दाखवायची हेही गावानं ठरवायचं. मौनानं ज्ञान राखलं जात नाही. म्हातारा गेला की तेही जातं.

डॉक्टर मित्रांना माझी हात जोडून विनंती आहे. केसपेपरवर एक ओळ वाढवा: ‘याआधी कुणाचं, कोणतं औषध घेतलं?’ आणि उत्तर ऐकून रागावू नका. एकदा खेकसलात तर ती बाई पुढच्या खेपेला काही सांगणार नाही, तिची जाऊही सांगणार नाही. देशी औषधांचे दुष्परिणाम कळवण्यासाठी सरकारी यंत्रणा आहे, तिच्याकडे आपल्या जिल्ह्यातूनही नोंदी जाऊ द्या.

जेवणानंतर झाडांच्या नमुन्यांचं सत्र आहे. सुरुवात कळलावीपासून करावी, असं मी सुचवतो. बाळंतीण अडली की तिचा कंद उगाळून बेंबीवर, तळपायांवर लावतात. पोटात गेला तर त्यातल्या कोल्चिसिननं आधी उलट्या-जुलाब होतात, मग एकेक अवयव निकामी होत जातो. इथल्या सुईणींनी तो कंद ओळखून दाखवावा, त्या किती उगाळतात, कधी लावतात आणि कुणाला मुळीच लावत नाहीत, हे सांगावं. वही उघडी आहे, आणि लिहून घ्यायला आमचे तरुण वैद्य बसले आहेत.