आपण मूळचे कुठले?

(हीरक महोत्सवी सोहळ्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



हिंदूराव या परिसराला ज्यांचे नाव लाभले, ते हिंदूराव घाटगे म्हणजे बायजाबाई शिंदे यांचे बंधू, घराणे कागलचे. दिल्लीत वाढणाऱ्या आपल्या मुलांनाही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे वारंवार विचारले जाते. उत्तर सातारा, नागपूर अशा एखाद्या नावापाशी थांबते. विज्ञान मात्र त्याही मागे जाते.

सायबेरियात बैकल सरोवराच्या परिसरात, माल्टा येथे सुमारे २४,००० वर्षांपूर्वीच्या एका बालकाचे अवशेष सापडले. त्याचा जनुकसंच वाचला, तेव्हा ते बालक एकीकडे अमेरिकेच्या मूलनिवासींचे, तर दुसरीकडे युरोपीयांचे आप्त ठरले. त्याच्या आप्तांचा अंश पुढे गवताळ प्रदेशातील पशुपालकांत उतरला आणि इ. स. पू. २००० ते १५०० या काळात मध्य आशियामार्गे भारतातही पोहोचला.

दिल्लीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरील राखीगढी येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. उष्ण हवामानात डीएनए फारसा टिकत नाही. साठाहून अधिक नमुन्यांतून एकाच व्यक्तीचा जनुकसंच हाती लागला. ती एक स्त्री होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, हडप्पा संस्कृतीतील या स्त्रीमध्ये पशुपालकांचा तो अंश नव्हता. तिच्याशी मिळतीजुळती वंशरचना तुर्कमेनिस्तानातील गोनूर येथे पुरलेल्या काही व्यक्तींत मात्र आढळली. म्हणजे वाट एकेरी नव्हती. इकडची माणसेही तिकडे गेली होती.

आज आपल्यापैकी बहुतेकांत त्या स्त्रीच्या लोकांचा वारसा आहे आणि पुष्कळांत त्या पशुपालकांचाही. कोणात एक अंश अधिक, कोणात उणा. त्यावरून कोणी श्रेष्ठ वा कनिष्ठ ठरत नाही. ‘शुद्ध रक्त’ हा शब्दच इथे निरर्थक होतो. आपल्या वर्गांत कोणत्याही मुलाला त्याच्या आडनावावरून जोखले जाऊ नये, याला यापरता भक्कम आधार कोणता?

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जनुके न मागता मिळतात. भाषा तशी मिळत नाही. मराठी रक्तात नसते, ती बोलण्यात असते. एका पिढीने घरात बोलणे थांबवले, की कोणतीही प्रयोगशाळा ती परत मिळवून देऊ शकत नाही. शाळा अक्षरे देईल. पालकहो, रात्रीच्या जेवणाच्या वेळी होणारा संवाद तुमच्या हाती आहे. तो मराठीत व्हावा, एवढीच या हीरक महोत्सवी वर्षी आपणांस विनंती.