जुने वेल्डिंग यंत्र आणि नवा हात

(मंडळाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



मंडळाच्या या व्यासपीठावर नाट्यसंगीत ऐकण्याची आपणांस सवय आहे. तेथे आम्ही वेल्डिंगची कांडी हातात घेऊन उभे राहिलो, हे पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु बंगळूरच्या मराठी माणसाचे लोखंडाशी नाते जुने आहे. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने १९४६ मध्ये याच शहरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी उभी केली. पुढे सरकारी कारखान्यांच्या भोंग्यांवर आपल्यातील कित्येक घरांची घड्याळे लावली गेली. त्या घरांतील मुले आज संगणकापुढे बसतात, आणि त्यांतील काहींना आता स्वतःच्या हाताने लोखंड जोडावेसे वाटू लागले आहे. जुने यंत्र घ्यावे काय, असे ते आम्हांस विचारतात. घ्यावे, असे आमचे मत आहे. मात्र काही गोष्टी समजून घेऊन.

एस. पी. रोडवर किंवा पीन्याच्या औद्योगिक वसाहतीत जुनी यंत्रे पाहावयास मिळतात. नवशिक्याने त्यांतले साधे रोहित्राचे, म्हणजे ट्रान्स्फॉर्मरचे, यंत्र निवडावे. ते बोजड असते, घूं घूं करते. पण आत बिघडण्याजोगे फारसे काही नसते. अलीकडची इन्व्हर्टर यंत्रे हलकी व सोयीची खरी, परंतु जुन्या इन्व्हर्टरचा सर्किट बोर्ड जळलेला निघाला तर पैसे पाण्यात गेलेच म्हणून समजावे. यंत्राच्या रंगावर भुलू नये. प्रवाह कमीजास्त करण्याची मूठ दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावी. टोपण काढून वास घ्यावा. जळक्या वार्निशाचा वास लपत नाही. तेलाचे यंत्र असेल तर तेलाची पातळी व रंग पाहावा. वेटोळी तांब्याची की ॲल्युमिनियमची, हे विचारून न थांबता अग्रांपाशी डोळ्यांनी पाहावे. मेगर लावून घेतल्याशिवाय आणि दुकानातच दोन कांड्या जाळल्याशिवाय पैसे मोजू नयेत. विक्रेता कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.

यंत्र घरी आले म्हणजे पहिली अडचण विजेची. कांडी पेटण्यापूर्वी तिच्या टोकाशी सुमारे ८० व्होल्टचा दाब असतो. शंभर अँपिअर प्रवाह हवा असेल, तर अशा साध्या यंत्राला २३० व्होल्टच्या बाजूने जवळजवळ ३५ अँपिअर लागतात, आणि आपल्या घरातला मोठा प्लग असतो १६ अँपिअरचा! जुनी मोठी यंत्रे बहुधा दोन फेजांवर, ४१५ व्होल्टवर चालतात. तेथे हाच आकडा २० च्या आत येतो. तेव्हा यंत्र घेण्यापूर्वीच परवानाधारक वायरमनला बोलावून बेसकॉमने मंजूर केलेला भार, तारांची जाडी आणि अर्थिंग तपासून घ्यावे. यंत्रात वाचलेले पैसे नवी केबल, अखंड मुठीचा होल्डर, घट्ट बसणारा अर्थ-क्लॅम्प, चामडी हातमोजे आणि ११ क्रमांकाची काच बसवलेला मुखवटा यांवर खर्च करावेत. घामाने भिजलेल्या हातमोज्याला ८० व्होल्टही पुरेसे घातक ठरतात.

डोळ्यांविषयी थोडे अधिक. प्रकाशाचा दाह त्या क्षणी जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. काम करणारा मुखवट्याआड असतो, उघड्या डोळ्यांनी टक लावून पाहणारी असतात ती मुले. म्हणून आधी आडोसा, मग कांडी. अंगावर जाड सुती कपडे असावेत. नायलॉन, टेरिलीन नको. जस्ताचा मुलामा असलेला पाइप मुलामा घासून काढल्याशिवाय व मोकळी हवा असल्याशिवाय जोडू नये, त्याच्या धुराने ताप भरतो. बंद पिंपाला तर, ते रिकामे असले तरी, कांडी लावूच नये. आतल्या उरल्यासुरल्या वाफेचा स्फोट होतो.

आता हाताचे काम. ६०१३ जातीची, ३.१५ मिलिमीटरची कांडी घ्यावी. दुकानदार तिला दहा नंबर म्हणतात. प्रवाह १०० ते ११० अँपिअर. आगकाडी ओढावी तशी ती ओढून पेटवावी. आरंभी ती हमखास चिकटते. मनगट वळवून सोडवावी. न सुटल्यास होल्डरचा चिमटा दाबून तिला सोडून द्यावे, मुखवटा मात्र वर करू नये. तिचे टोक लोखंडापासून तिच्या जाडीइतकेच दूर राहिले पाहिजे. अंतर बरोबर असले म्हणजे कढईत भजी तळावीत तसा एकसारखा आवाज येतो. तडतड वाढली की हात वर गेला असे समजावे. पहिले काही आठवडे भंगारातल्या पट्टीवर नुसत्या रेघा ओढाव्यात.

मराठीत या कामास वितळजोडकाम म्हणतात, आणि सारे मर्म त्या शब्दातच आहे. नुसती कांडी वितळून भागत नाही, दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळल्या पाहिजेत. नवशिक्याची कांडी वितळते व थंड लोखंडावर मेणासारखी बसते. वरून पाहता जोड सुरेख दिसतो, रंग दिल्यावर तर अधिकच! हे ओळखण्याची एक कसोटी आहे. एका पट्टीवर दुसरी उभी धरून एकाच बाजूने जोड घालावा, मळी झाडावी, शेगड्यात पकडून उभी पट्टी हातोड्याने जोडाच्या बाजूस वाकवावी. जोड उघडल्यावर एका पट्टीची कड जशीच्या तशी, अस्पर्श दिसली, तर तेथे काही जोडलेच गेले नव्हते.

आपल्या घरांत झोपाळ्याची हौस मोठी. वेल्डिंग हाती आले की पहिला विचार झोपाळ्याच्या कड्यांचा येतो. तो दूर ठेवावा. ज्यावर माणसाचा भार पडणार ते काम, झोपाळा, जिना, गच्चीचा कठडा, या कसोटीला आपले जोड लागोपाठ उतरेपर्यंत कसलेल्या कारागिराकडेच द्यावे. आणि तो काम करीत असता मुखवटा लावून शेजारी उभे राहावे. बंगळूरचा कारागीर कन्नड, तमिळ, उर्दू यांपैकी कोणतीही भाषा बोलो, हात कसा चालतो ते दाखवण्यात सहसा कंजूषपणा करीत नाही. तोवर कुंड्यांचे तिवई, चपलांची मांडणी अशी कामे पुष्कळ आहेत.

राहता राहिल्या कांड्या. येथील पावसाळी हवेत त्या दमट होतात आणि जोडात बुडबुडे राहतात. पुडा फोडल्यावर त्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.