पोट तसंच राहू द्या

दुकानात गेल्यावर किंमत विचारायच्या आधी काठ-पदर बघणाऱ्या बायांतली मी एक. म्हणून 'द सप्टेंबर इश्यू' हा २००९चा माहितीपट हौसेनं बघितला. अमेरिकेच्या 'व्होग' या फॅशन मासिकाचा सप्टेंबर २००७चा अंक कसा तयार झाला, ते त्यात दाखवलंय. अंक केवढा? ८४० पानं! वजन दोन किलोच्या आसपास.

तेव्हाच्या संपादक ॲना विंटूर बोलतात कमी. एक नजर टाकली की फोटो बाद. पण मला भावल्या ग्रेस कॉडिंग्टन. एकेकाळी मॉडेल होत्या. इथं कपडे निवडून, मुली सजवून फोटो जमवायचं काम त्यांचं. मेहनतीनं काढून घेतलेले त्यांचे फोटो एकेक करून अंकातून उडतात. बाई चिडतात, कुरकुरतात, अन् परत कामाला लागतात. शिवणाची मशीन चालवणाऱ्या आपल्या बायांना हे निराळं सांगायला नको.

शेवटी शेवटी गंमत आहे. ग्रेस चक्क माहितीपटाच्या कॅमेरावाल्यालाच मॉडेलसोबत फोटोत उडी मारायला लावतात. त्याचं पोट थोडं सुटलेलं. ते कमी करायचं ठरतं. ग्रेसना कळताच त्या फोन लावतात: पोट तसंच राहू द्या!

आपल्या गटाच्या मालाचे फोटो टाकताना पोरी मोबाईलवर बायांना गोरं करतात. कशाला? उन्हात रापलेला चेहरा इरकलीवर किती खुलून दिसतो! पुढच्या बैठकीला सगळ्या इरकल नेसून या. फोटो काढू, फिल्टर बंद ठेवून.