धर्मादाय आणि वाटा : मोहर्लीच्या वेशीवरील एक प्रश्न



चंद्रपूरपासून सुमारे तीस किलोमीटर अंतरावर, इरई धरणाच्या जलाशयाला लागून मोहर्ली हे गाव आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे सर्वांत परिचित प्रवेशद्वार याच गावाच्या टोकाला आहे. हंगामात पहाटे तेथे जिप्सी गाड्यांची रांग लागते. वाघ पाहण्यासाठी आलेला पाहुणा एका फेरीसाठी जे पैसे मोजतो, त्यांचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. गाडीचे भाडे गाडीमालकाला मिळते, मार्गदर्शकाचे मानधन मार्गदर्शकाला मिळते आणि प्रवेशशुल्क प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाकडे जमा होते. पहिले दोन भाग कोणाच्या घरात गेले, हे गावाला दिसते. तिसरा भाग मात्र गावाच्या वेशीवर गोळा होतो, दूरच्या कार्यालयात जातो आणि कालांतराने 'अनुदान' या नावाने गावात परत येतो. या परतीच्या प्रवासात त्या पैशाचे स्वरूप कसे बदलते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम या प्रतिष्ठानाची घडण समजून घेतली पाहिजे. २००६ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्या ३८-क्ष या कलमाने प्रत्येक राज्य सरकारवर व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापन करण्याची जबाबदारी टाकली. त्यानुसार ताडोबा-अंधारी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान अस्तित्वात आले. प्रकल्पक्षेत्राचा पर्यावरणीय, आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक विकास साधणे, स्थानिकांच्या सहभागाने निसर्गपर्यटन वाढविणे, संशोधनास व शिक्षणास साहाय्य करणे, ही उद्दिष्टे कायद्यातच नमूद आहेत. त्यांत एक उद्दिष्ट फार महत्त्वाचे आहे. प्रवेशशुल्कातून मिळणारा पैसा स्थानिक हितसंबंधीयांच्या विकासासाठी पुन्हा वापरात आणावा, असे ते सांगते. म्हणजे हा पैसा सरकारच्या सामान्य तिजोरीत विरून जाऊ नये, तो ज्या भूमीतून आला त्या भूमीकडे परत जावा, असा कायद्याचा स्पष्ट हेतू आहे. हा हेतू पुरोगामी आहे आणि समाजवादी विचाराच्या माणसाने त्याचे स्वागतच केले पाहिजे.

या व्यवस्थेतून काही भरीव कामे झाली, हेही मोकळेपणाने मान्य करावयास हवे. प्रतिष्ठानाचा निधी आणि २०१५ साली राज्य शासनाने सुरू केलेली जन-वन विकास योजना यांच्या आधाराने बफर क्षेत्रातील गावांना स्वयंपाकाचा गॅस, शेतीसाठी सौर कुंपण अशी मदत मिळत आली आहे. सरपणासाठी दररोज रानात जाणाऱ्या बाईच्या हाती गॅसची शेगडी येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. तिचे श्रम वाचतात, तसा तिचा जीवही वाचतो. आक्षेप या कामांवर नाही. ती कामे ज्या नात्याने होतात, त्या नात्यावर तो आहे.

आपल्या समाजाला धर्मादायाची परंपरा जुनी आहे. सावकाराने धर्मशाळा बांधावी, जमीनदाराने पाणपोई घालावी आणि गावाने त्याला दुवा द्यावा, ही ती रीत. तिच्यात देणारा दाता असतो आणि घेणारा याचक. त्या धनाची उत्पत्ती कोठून झाली, हा प्रश्न विचारणे तेथे अशिष्ट मानले जाते. प्रतिष्ठानाच्या अनुदानासंबंधी नेमका हाच अशिष्ट प्रश्न विचारला पाहिजे. मोहर्लीच्या दारावर जमा होणारा पैसा कोणाच्या त्यागातून निर्माण झाला?

ताडोबाचे रान हा गोंड समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आसरा. ताडोबा हे नावच 'तारू' या त्यांच्या दैवतावरून आले, असे लोक मानतात. १९५५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. २००७ च्या डिसेंबरात गाभा क्षेत्राची अधिसूचना निघाली. २०१० साली त्याभोवती सुमारे अकराशे चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र आखले गेले. प्रत्येक अधिसूचनेबरोबर मोहफूल, तेंदूपत्ता, बांबू, चराई आणि सरपण यांच्या वाटा आखडत गेल्या. गाभ्यातील बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी, पळसगाव, रानतळोधी या गावांपुढे स्थलांतराचा प्रश्न उभा राहिला आणि टप्प्याटप्प्याने कुटुंबे रानाबाहेर पडली. आज पाहुण्याला जी निःशब्द, निर्मनुष्य वनश्री मोहविते, तिच्या निर्मनुष्यतेची किंमत कोणीतरी चुकविली आहे. ज्याने किंमत चुकविली, तो त्या उत्पन्नाचा भागीदार ठरतो. भागीदाराला जे मिळते, त्याला वाटा म्हणतात. अनुदान म्हणत नाहीत.

हा शब्दांचा खेळ नाही. महाराष्ट्राला या भेदाचा अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाला मिळणारे काम ही सरकारची कृपा मानली जात होती. श्रमिकांच्या चळवळींनी आणि वि. स. पागे यांच्यासारख्यांच्या चिंतनाने तेच काम १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात हक्क म्हणून नोंदविले गेले. खडी तीच होती, पाटीही तीच होती. परंतु मस्टरवर नाव नसेल तर जाब विचारण्याचा अधिकार मजुराला मिळाला. कृपेला जाब विचारता येत नाही. हक्काला येतो.

आता अनुदानाची प्रत्यक्ष रीत पाहू. प्रतिष्ठानाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष राज्याचे वनमंत्री असतात आणि कार्यकारी समिती प्रकल्पाच्या क्षेत्रसंचालकांच्या अध्यक्षतेखाली चालते. गावपातळीवर परिसर विकासाची समिती असते, पण तिच्या कारभारात वनकर्मचाऱ्याचा शब्द वजनाचा ठरतो. प्रस्ताव खालून वर जातो, मंजुरी वरून खाली येते आणि पैसा बहुधा वस्तूच्या रूपाने पोहोचतो. गावाला कुंपण हवे की गुरांसाठी चारा, विहीर हवी की शाळेला जाणाऱ्या मुलींसाठी गाडी, हे गावाने सुचवावे. ठरवावे मात्र दुसऱ्याने. यात अधिकाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मुळीच नाही. कित्येक वनाधिकारी तळमळीने काम करतात. पण चांगला अधिकारी बदलून गेला की चांगुलपणाही बदलून जातो. ज्या व्यवस्थेचे भवितव्य एखाद्याच्या स्वभावावर अवलंबून असते, तिला लोकशाही व्यवस्था म्हणता येत नाही.

हिशेबाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. सफारीच्या ऑनलाइन नोंदणीचे काम घेतलेल्या एका खासगी कंपनीने प्रतिष्ठानाचे १२ कोटी १५ लाख रुपये भरलेच नाहीत, अशी तक्रार होऊन २०२३ साली चंद्रपुरात गुन्हा दाखल झाला. त्यातील दोषादोष ठरविणे न्यायालयाचे काम आहे. विचार करावयाचा तो वेगळ्याच गोष्टीचा. तक्रारीप्रमाणे ही थकबाकी एका दिवसाची नव्हती, ती काही वर्षांत साठत गेली होती. प्रवेशशुल्काचा हिशेब दरवर्षी मोहर्लीच्या आणि शेजारच्या गावांच्या ग्रामसभांत वाचला गेला असता, तर जमा आणि येणे यांतील एवढी मोठी तफावत इतका काळ नजरेआड राहिली असती काय? दारातून रोज किती गाड्या आत जातात, हे मोहर्लीच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. गावाचे डोळे हा सर्वांत स्वस्त लेखापरीक्षक आहे. त्याला दारापाशी उभे करून हिशेबाबाहेर ठेवणे शहाणपणाचे नाही.

तिसरा मुद्दा जोखमीच्या वाटणीचा. वाघ अधिसूचनेची रेषा ओळखत नाही. पर्यटनाचा पैसा दारापाशी साचतो. वाघाचे भय मात्र दारापासून दूरच्या शिवारांतही हिंडते. ब्रह्मपुरी वनविभागातील गावे व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर आहेत. तेथे जिप्सींची रांग नाही, रिसॉर्ट नाही. पण माणूस आणि वाघ यांच्यातील संघर्ष तेथे अत्यंत तीव्र आहे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. तेंदूच्या हंगामात चार पैसे गाठीला बांधले की बियाण्याची सोय होते, म्हणून बाया भर उन्हाळ्यात रानात जातात. अशा मृत्यूनंतर शासन आर्थिक साहाय्य देते आणि ते दिलेच पाहिजे. परंतु मृत्यूनंतर येणाऱ्या रकमेपेक्षा मृत्यू टाळणारा खर्च अधिक मोलाचा आहे. तो कोठे करावा, हे पायवाट तुडविणाऱ्या बाईइतके कोणाला कळणार?

चंद्रपूर जिल्ह्याला हा प्रश्न आणखी एका अंगाने भेडसावतो. २०१५ च्या खनिज कायद्यातील दुरुस्तीने खाणबाधितांच्या हितासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निर्माण झाली. खाणमालकाने स्वामित्वधनाच्या ठराविक प्रमाणात रक्कम तेथे भरावयाची असते. जुन्या पट्ट्यांसाठी हे प्रमाण ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांसाठी १० टक्के आहे. कोळशाचा हा जिल्हा असल्याने तो निधी लहान नाही. तेथेही तत्त्व योग्य आहे आणि तेथेही सूत्रे प्रशासनाच्या हाती आहेत. रानाखालचा कोळसा असो की रानातला वाघ असो, त्यातून उभा राहिलेला निधी बाधितांच्या नावाने जमा होतो आणि बाधितांच्या अनुपस्थितीत वाटला जातो. डॉ. राममनोहर लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली, तेव्हा गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र हे चारही खांब भार पेलणारे असावेत, असे त्यांना अभिप्रेत होते. आजच्या प्रतिष्ठानांत गावाचा खांब छपराला टेकलेलाच नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, गावाच्या हाती पैसा दिला तर तो उधळला जाईल, पुढारी तो गिळतील आणि रान भुईसपाट होईल. या आक्षेपाला याच दोन जिल्ह्यांनी उत्तर दिले आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तेथे सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि निर्णयापूर्वी अभ्यास करण्याची शिस्त रुजली होती. पैसा त्या शिस्तीच्या मागून आला. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टरवर हक्क मिळाला. ते गाव स्वतः बांबू विकू लागले. पण तेंदूपत्त्यासाठी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लावल्या जातात, म्हणून हाती येणारा तेंदूचा पैसा त्याच गावाने सोडून दिला. ज्याला मालकी मिळाली, त्याने रान राखले. या गावांपुढे अनुदानाचा प्रस्ताव लिहून वाट पाहण्याची पाळी आली नाही, कारण निधी त्यांचा होता आणि त्याचा निर्णयही त्यांचा होता.

अर्थात ग्रामसभा हा शब्द उच्चारला की सर्व दोष नाहीसे होतात, असे मानणे भाबडेपणाचे होईल. गावातही जात आहे, जमीन आहे, पुरुषी वर्चस्व आहे. मोहर्लीसारख्या ठिकाणी गाडीमालक, रिसॉर्टला जमीन विकणारा आणि रोजंदारीवर भांडी घासणारी बाई यांचे हितसंबंध एक नाहीत. निधी ग्रामसभेकडे आला आणि ग्रामसभा दोन-चार घरांच्या ओट्यावर भरली, तर दाता बदलेल, याचक तोच राहील. म्हणून सत्तेचे विकेंद्रीकरण आणि गावांतर्गत समता या दोन्ही लढाया एकाच वेळी लढाव्या लागतात. एकीला दुसरीची प्रतीक्षा करायला लावणे हा समाजवादी मार्ग नव्हे.

या दृष्टीने चार मागण्या कार्यकर्त्यांनी गावोगावी मांडल्या पाहिजेत. पहिली, प्रवेशशुल्काचा निश्चित हिस्सा प्रस्तावाची वाट न पाहता नियमानेच ग्रामसभांच्या निधीत जमा व्हावा. दुसरी, वाटपाचे माप केवळ दाराशी असलेली जवळीक न राहता पीकहानी, पशुहानी, मनुष्यहानी आणि गमावलेले वनहक्क यांना त्यात स्थान मिळावे, आणि प्रकल्पाबाहेरच्या संघर्षग्रस्त गावांसाठी शासनाने तशीच स्वतंत्र तरतूद करावी. तिसरी, जमाखर्च दरवर्षी ग्रामसभेत वाचला जावा आणि त्याचे सामाजिक अंकेक्षण व्हावे. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने ते मजुरीच्या कामांसाठी सक्तीचे केले होते; प्रवेशशुल्काच्या पैशाला ते का नसावे? चौथी, निधीचा निर्णय करणाऱ्या समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि भूमिहीनांना जागा असावी.

मागण्या मंजूर होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून कायद्यात आहे. गावाच्या नावाने गेल्या पाच वर्षांत किती रक्कम मंजूर झाली, कोणत्या कामावर खर्च पडली आणि ते काम जागेवर आहे की नाही, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे मागवून ती ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखविणे, हे कोणत्याही शाखेला जमण्यासारखे काम आहे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही विहीर खोदली गेली की नाही हे सांगता येते.

वाघ जगला पाहिजे, याविषयी या चळवळीत दुमत असण्याचे कारण नाही. रान राहिले तर पाणी राहील, आणि वाघ राहिला तर रान राहील. परंतु वाघाचे रक्षण दारावरच्या तिकिटाने होत नाही. ते शेजारच्या शिवारातील माणसाच्या संमतीने होते. ती संमती अनुदानाने काही काळ विकत घेता येईल. टिकाऊ स्वरूपात ती भागीदाराकडूनच मिळू शकते. मोहर्लीच्या दारातून आत जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे गावाचा वाटा आहे, हे प्रथम गावाने स्वतःला सांगितले पाहिजे. मग ते मंत्रालयाला सांगणे अवघड जाणार नाही.